मंडळीची वही

मराठी ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात चर्च आणि मंडळी हे दोन शब्द वेगळे असतात. चर्चला रंग लावतात, चर्चची कौले बदलतात, चर्चच्या घंटेची दोरी तुटते. मंडळी जमते, पांगते, वाढते, रुसते, एकत्र जेवते. पवित्र शास्त्राच्या भाषांतरात हा शब्द आला तेव्हा तो मराठी घरात रुळलेलाच होता. पंगतीला बसलेली ती मंडळी, लग्नाला आलेली ती मंडळी. मुंबईतल्या जुन्या चर्चच्या वारशाविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातले बरेचसे कमानी, रंगीत काचा आणि मनोरे यांच्याविषयी आहे. मंडळीविषयी फार थोडे आहे. हे पुस्तक मंडळीविषयी आहे, आणि तिचा इतिहास कुठे वाचायला मिळतो हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना आहे. तो कपाटातल्या नोंदवहीत आहे.

मी या विषयाकडे अभ्यासक म्हणून आले नाही. परळच्या चाळीत माझा जन्म झाला, महिन्याभराची असताना बाप्तिस्मा झाला, सोळाव्या वर्षी दृढीकरण आणि त्याच रविवारी पहिले प्रभुभोजन. लग्न त्याच वेदीसमोर लागले. आईवडिलांची शेवटची उपासना तिथेच झाली. सत्तरी ओलांडली तरी मी त्याच मंडळीची सभासद आहे. शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवला, सनावळ्या पाठ करून घेतल्या, पण वेदीमागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाकडे बघायचे मला कधी सुचले नाही. निवृत्तीनंतर पाळकसाहेबांनी जुन्या वह्यांची यादी करायला सांगितली, म्हणून ते कपाट उघडले.

बाप्तिस्म्याची वही जाड पुठ्ठ्याची, कापडी पाठीची आणि उघडली की टेबल भरून टाकणारी. शाई काळीची तांबूस झालेली. आडव्या ओळीत रकाने आहेत : अनुक्रमांक, बाप्तिस्म्याची तारीख, जन्मतारीख, नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण, बापाचा धंदा, पाळकाची सही आणि शेवटी शेरा. धंद्याच्या रकान्यावरून नुसते बोट फिरवले तरी परळ-लालबाग डोळ्यांपुढे उभे राहते. साचेवाला, जॉबर, रेल्वेत फिटर, इस्पितळात दाई, शाळेत मास्तर, छापखान्यात कंपोझिटर. राहण्याच्या ठिकाणी चाळीचे नाव आणि खोलीचा नंबर. आईचे नाव सुरुवातीच्या पानांवर नुसते पहिले नाव म्हणून येते, पण येते. त्या काळातल्या कितीतरी कागदांत मराठी कष्टकरी बाईचे नाव कुठेच सापडत नाही. इथे तिला तिचा रकाना आहे.

खरी गोष्ट मात्र शेऱ्याच्या रकान्यात आहे. सभासद दुसऱ्या गावी जायला निघाला की मंडळी त्याला पत्र देते. हा माणूस आमच्यातला आहे, त्याला आपल्यात घ्या, एवढाच त्याचा मजकूर. पत्र दिले की शेऱ्यात तशी नोंद होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे घरी बसली आणि बहुतेक कधीच परत खात्यात गेली नाहीत. आमच्या वहीत संप हा शब्द एकदाही नाही. पुढच्या काही वर्षांच्या पानांवर मात्र एकाखाली एक शेरे आहेत : कल्याण मंडळीकडे पत्र दिले, वसईकडे पत्र दिले, अहमदनगरकडे पत्र दिले. एका पानावर अशी अकरा नावे आहेत. त्यांतली चार माझ्याबरोबर संडे स्कूलमध्ये होती. संपाविषयी मी पुष्कळ वाचले होते, पण त्या पानावर मला रडू आले.

आता या क्षेत्राची थोडी पार्श्वभूमी, कारण वही वाचायची तर ती कोणत्या परंपरेतली आहे हे आधी कळावे लागते.

ख्रिस्ती होणे म्हणजे मंडळीचा सभासद होणे, आणि सभासदत्वाचे दार म्हणजे बाप्तिस्मा. पण तो कधी द्यायचा आणि कसा, यावर शतकानुशतके वाद आहे. बाप्टिस्ट पंथाचा उगम १६०९ सालच्या ॲमस्टरडॅममधला. इंग्लंडमधून तिथे गेलेल्या जॉन स्मिथ आणि त्याच्या सोबत्यांनी तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा मानला नाही. माणसाने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करावा, मग बाप्तिस्मा घ्यावा, असे त्यांचे म्हणणे. पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देण्याची रीत या पंथात पुढे पक्की झाली. बाप्टिस्ट मंडळीत सभासद जन्माने होता येत नाही. तिथे आजन्म सभासदत्व म्हणजे एकदा जाणतेपणी घेतलेला आणि मरेपर्यंत पाळलेला निर्णय असतो. हा विचार मला, तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्या बाईला, नेहमी आदराचा वाटत आला आहे.

मराठी वाचकाचे बाप्टिस्टांशी एक जुने नाते आहे, आणि ते आपण जवळजवळ विसरलो आहोत. विल्यम कॅरी हा इंग्लंडमधला चांभारकाम केलेला बाप्टिस्ट उपदेशक १७९३ साली बंगालमध्ये उतरला आणि १८०० पासून श्रीरामपूरला स्थिरावला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवत असे. महाराष्ट्रात त्याने कधी पाऊल ठेवले नाही. तरी वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, त्याच वर्षी मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत काढले आणि १८१० साली कोश. श्रीरामपूरच्या छापखान्यातून ‘सिंहासनबत्तिशी’ आणि ‘रघुजी भोसल्यांची वंशावळी’ यांसारखी पुस्तके मोडी खिळ्यांत छापून निघाली. मराठी गद्य छापील रूपात पहिल्यांदा उभे राहिले ते असे, हुगळीच्या काठी, एका बाप्टिस्ट मंडळीच्या छापखान्यात.

मुंबईच्या मराठी मंडळ्यांची सुरुवात वेगळ्या पंथाची, पण तिच्या उंबरठ्यावरही हाच बाप्तिस्म्याचा प्रश्न उभा होता. फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतून पाच तरुण मिशनरी दोन जहाजांतून हिंदुस्थानकडे निघाले. ॲडोनिराम जडसन आणि सॅम्युएल न्यूएल एका जहाजात, गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि ल्यूथर राइस दुसऱ्यात. पाचही जण लहान मुलांचा बाप्तिस्मा मानणाऱ्या काँग्रिगेशनल पंथाचे. कॅरीच्या मंडळीला आपली बाजू पटवून द्यावी लागेल म्हणून जडसन प्रवासात नव्या कराराचा अभ्यास करू लागला, आणि त्याला बाप्टिस्टांचेच म्हणणे पटले. सप्टेंबर १८१२ मध्ये कलकत्त्यात त्याने बुडवून बाप्तिस्मा घेतला. काही आठवड्यांनी राइसनेही घेतला. जडसन ब्रह्मदेशात गेला, राइस अमेरिकेला परतला. ज्यांचे मत बदलले नाही ते हॉल आणि नॉट कंपनी सरकारच्या हद्दपारीच्या हुकमातून निसटून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला आले. न्यूएलही पुढे त्यांना येऊन मिळाला. पाण्याविषयीच्या या मतभेदातून एक वाट ब्रह्मदेशातल्या बाप्टिस्ट मंडळ्यांकडे गेली आणि दुसरी अमेरिकन मराठी मिशनकडे.

म्हणून नव्या अभ्यासकाला माझी पहिली सूचना : वही उघडण्यापूर्वी पंथ विचारा. आमच्यासारख्या मंडळीतल्या बाप्तिस्म्याच्या तारखेवरून माणसाच्या जन्माचा अंदाज बांधता येतो. बाप्टिस्ट मंडळीच्या नोंदीत तोच माणूस पंधराव्या, पंचविसाव्या किंवा साठाव्या वर्षी पहिल्यांदा दिसेल, आणि अल्पवयात दगावलेली मुले बाप्तिस्म्याच्या वहीत सापडणारच नाहीत. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट अशा परंपरा एका छत्राखाली आल्या. तिथे बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य झाल्या. वह्या मात्र जुन्याच राहिल्या, प्रत्येकीची भाषा वेगळी.

गिरगावात उभे राहिले की या इतिहासाचा पहिला भाग चालत बघता येतो. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईला आले आणि १८३२ साली गिरगावच्या आंब्रोळीत त्यांनी इंग्रजी शाळा काढली. विल्सन कॉलेज तिच्यातूनच वाढले. आंब्रोळी चर्च हे नाव आजही मराठी ख्रिस्ती घरांत सहज घेतले जाते. हाकेच्या अंतरावर प्रार्थना समाज आहे, १८६७ साली स्थापन झालेला. मिशनऱ्यांशी वाद घालत, त्यांच्याकडून काही घेत आणि पुष्कळ नाकारत उभा राहिलेला. ११ मार्च १८८९ ला पंडिता रमाबाईंनी शारदा सदन सुरू केले ते चौपाटीलाच. एकाच परिसरात एवढी माणसे एकमेकांना पटवण्यासाठी आणि खोडून काढण्यासाठी मराठीत लिहीत होती. आपल्या गद्याची तालीम त्या भांडणात झाली, असे माझे मत आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीला मराठी भाषेवरचे टिपण लिहिले ते विल्सन यांनीच.

छापखान्याचा धागाही इथलाच. अमेरिकन मिशनने मुंबईत छापखाना घातला आणि मराठीतला संपूर्ण नवा करार १८२६ साली छापला. त्याच वर्षी गॉर्डन हॉल नाशिककडच्या फेरीत पटकीने वारले. या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळे सुबक केले. गणपत कृष्णाजी आणि निर्णयसागरचे जावजी दादाजी या दोघांच्या उमेदवारीची मुळे तिथे आहेत. ज्या पंचांगांनी आणि पोथ्यांनी मराठी घरे भरली, त्यांच्या अक्षरवळणामागे एका मिशनच्या ओतशाळेचे काम आहे. हे सांगताना कोणाचे श्रेय हिरावून घ्यायचे नाही. वारसा धर्माच्या कुंपणात राहत नाही एवढे लक्षात यावे म्हणून सांगितले.

दुसरा भाग भायखळ्यापासून परळपर्यंतचा, आणि माझ्या मते तो जास्त महत्त्वाचा, कारण त्याच्याकडे कोणी पाहिलेले नाही. १८७६ ते ७८ चा आणि पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ, त्यानंतर गिरण्यांची वाढ. अहमदनगर, जालना, सोलापूरकडची ख्रिस्ती कुटुंबे गावच्या मंडळीचे पत्र खिशात घालून मुंबईला आली. माझे आजोबा असेच आले. भायखळ्याचे ह्यूम मेमोरियल चर्च आणि ह्यूम हायस्कूल, पलीकडे बेलासिस रोडचे बॉम्बे बाप्टिस्ट चर्च, मुक्तिफौजेची ठाणी, मेथडिस्टांच्या मंडळ्या. या पट्ट्यात पंथ बदलला तरी चाळ तीच असे. डॉ. गुरुबाई करमरकर १८९२ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि परत येऊन मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे बायका-मुलांवर उपचार करीत राहिल्या. आनंदीबाई जोश्यांचे नाव प्रत्येक शाळकरी मुलीला माहीत असते. त्याच महाविद्यालयात शिकलेल्या आणि प्रत्यक्ष इतकी वर्षे काम केलेल्या गुरुबाईंचे नाव मराठी ख्रिस्ती मुलींनासुद्धा माहीत नसते. नागपाडा नेबरहूड हाउस याच मिशनने सुरू केले, क्लिफर्ड मॅनशार्ट तिथले संचालक. १९३६ साली त्याच वास्तूत टाटांची समाजकार्याची शाळा भरू लागली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच.

वारसा म्हटला की आमच्याकडे लोक आधी ‘उपासना संगीत’ हे आमचे गायनांचे पुस्तक पुढे करतात, आणि ते योग्यच आहे. कृष्णा रत्नाजी सांगळे आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची पदे त्यात आहेत. वर चाल लिहिलेली असते. अभंग, ओवी, साकी, दिंडी ही सगळी मराठी वृत्ते तिथे येशूच्या नावाने नांदतात. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईतच झाला. त्या दिवसाने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या संसाराचे काय झाले ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बाप्तिस्म्याच्या वहीतली एक ओळ एका घरावर काय आणू शकते, हे लक्ष्मीबाईंइतके सरळ मराठीत दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे १८८८ सालचे आत्मचरित्र त्याच्या शेजारी ठेवून वाचावे. नव्या वाचकाने सुरुवात या दोन पुस्तकांपासून करावी.

आता कागदपत्रांची स्थिती. मिशनऱ्यांची पत्रे नीट जपलेली आहेत. अमेरिकन बोर्डाची हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात, स्कॉटिश मिशनची एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, चर्च मिशनरी सोसायटीची बर्मिंगहॅम विद्यापीठात, बाप्टिस्टांची ऑक्सफर्डच्या अँगस ग्रंथालयात. पांढरे हातमोजे नसले तरी थंड खोल्या आहेत, याद्या आहेत. त्यामुळे जो अभ्यास झाला तो पत्रांवर झाला, आणि त्यात आलेली माणसे आहेत. इथे राहिलेली, वर्गणी भरणारी, बाके पुसणारी, दर रविवारी मुलांना धुतलेले कपडे घालून आणणारी माणसे फक्त आपल्या वह्यांत आहेत. महानगरपालिका हद्दीत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. इमारतींना त्यात श्रेणी मिळते, कपाटातल्या वहीला मिळत नाही. लग्नाच्या नोंदीची प्रत १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार सरकारकडे जाते, म्हणून तिला दुसरा आधार असतो. बाप्तिस्म्याच्या, सभासदत्वाच्या आणि पंचकमिटीच्या बैठकांच्या वहीला बहुधा नसतो. ती गेली की गेली.

आणि त्या जातात. एका मंडळीत छपराच्या दुरुस्तीसाठी कपाट बाहेर काढून व्हरांड्यात ठेवले होते. जुलै महिना होता. कोणी ताडपत्री घालायला विसरले. तिसऱ्या दिवशी मला निरोप आला तेव्हा बैठकांच्या वह्यांची पाने एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. आम्ही चार बायकांनी हॉलमध्ये पंखे लावून, पानापानात कोरे टीपकागद घालून त्या वाळवल्या. सात वह्यांपैकी तीन वाचता येतात. दोष कोणा एकाचा नव्हता. त्या वह्या मोलाच्या आहेत हे तिथे कोणाला माहीतच नव्हते, कारण आमच्यासारख्या जन्मभराच्या सभासदांनी ते कधी सांगितले नव्हते.

म्हणून काही कामाच्या गोष्टी. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, मुंबईच्या हवेत आत ओल धरते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर कधीच नको. कपाट भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीवरून उचललेले असावे. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पहिल्या पुठ्ठ्यापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत प्रत्येक पानाचा फोटो घ्यावा, कोऱ्या पानाचासुद्धा, आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवाव्या. मोडी वाचता येणारा माणूस शोधून ठेवा. दफनाच्या नोंदी शिवडीच्या दफनभूमीतल्या दगडांशी ताडून पाहा. मुंबईतले कितीतरी ख्रिस्ती तिथे विसावले आहेत, आणि दगडावरची अक्षरे कागदापेक्षा लवकर झिजत चालली आहेत.

एक पथ्यही पाळावे लागेल. जुन्या नोंदींत कधी बाप्तिस्म्यापूर्वीची जात लिहिलेली असते, कधी मुलाच्या बापाचा रकाना कोरा असतो, कधी शिस्तभंगामुळे प्रभुभोजनापासून दूर ठेवल्याचा शेरा असतो. त्या माणसांची नातवंडे पुढच्याच बाकावर बसलेली असतात. कुटुंबाला विचारल्याशिवाय असे काही छापू नये. पुढच्या प्रकरणांच्या लेखकांनी हे पथ्य पाळले आहे आणि त्यासाठी काही चांगले पुरावे बाजूला ठेवले आहेत. तो निर्णय मला मान्य आहे.

हे क्षेत्र फक्त ख्रिस्ती अभ्यासकांचे नाही. गिरणगावावर काम करणाऱ्यांना, मराठी मुद्रणाचा, स्त्रीशिक्षणाचा, स्थलांतराचा, मराठी नावा-आडनावांचा शोध घेणाऱ्यांना इथे अजून कोणी न उघडलेली पाने आहेत. सगळ्यांना बसायला जागा आहे. घाई मात्र करायला हवी, कारण शेऱ्यांतली माणसे आता विरार, बदलापूर, पनवेलहून दोन गाड्या बदलून रविवारी परळला येतात, आणि दर वर्षी त्यांतली काही येणे थांबते. वहीतल्या नावाला चेहरा देऊ शकणारी हीच शेवटची पिढी.

तेव्हा या. पण थेट वही मागू नका. आधी एक रविवार उपासनेला बसा, शेजारच्याकडून ‘उपासना संगीत’ मागून घ्या, आणि नंतर चहाला थांबा. कपाटाची किल्ली बहुधा चहा देणाऱ्या आजीबाईंकडेच असते.